रोझलीनबायची हरकत

वसईतल्या सांडोरात रोझलीनबायला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. तिच्याशी भांडण झालेले लोकही तिला ओळखतात. फक्त ती समोरून येताना दिसली की त्यांना शेजारच्या कुंपणातली भेंडी एकदम फार बघण्यासारखी वाटू लागते. रोझलीनबाय त्यांना तसं जाऊ देत नाही. "काय रे, भेंडी कधी बघितली नाय का?" असं विचारते आणि बोलणं पुन्हा सुरू होतं. तिची सगळी भांडणं अशीच मिटतात, म्हणजे मिटत नाहीत, नुसती चालू राहतात.

बाई साठीच्या पुढची, बुटकी, अंगाने भरलेली. घरामागे केळीची वाडी, मधूनमधून अळू. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कॉन्व्हेंटात नव्याने आलेल्या एका सिस्टरने विचारलं, तेव्हा "मागनी घालणाऱ्यांच्या घरची सगळी माहिती मला होती ना," असं तिने सांगून टाकलं. ते खरंच होतं. गावात लग्न असो की मयत, वाटणाच्या पाट्याजवळ रोझलीनबाय बसणार हे ठरलेलं, आणि वाटणाजवळ बसलेल्या बाईपासून कुठल्या घरातलं काय लपून राहतं? कोणाचा आजोबा विहिरीच्या पाण्यावरून सख्ख्या भावाशी मरेपर्यंत कोर्टात भांडला, कोणाची आत्या रोज संध्याकाळी डुकराला दिवसभराचा वृत्तान्त सांगायची, कोणाच्या घरातले सगळे पुरुष चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की घोरायला लागतात, हे सगळं तिला तोंडपाठ. एकाच गोष्टीची तिला हळहळ होती. आपल्या दारात कधी बँड वाजला नाही. नवरा आला नाही याचं तिला काही वाटलं नव्हतं, पण वसईत जन्मून दारात ट्रम्पेट वाजू नये, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

म्हणून भाचीचं, डायनाचं, लग्न ठरलं, त्याच दिवशी डायनाला न विचारता तिने बँड ठरवून टाकला. लाल कोट आणि सोनेरी झालरवाला, भला मोठा ढोल असलेला.

आणि तिथेच घोटाळा होता, कारण डायनाला बँड सोसत नाही.

डायना रोझलीनबायच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई पोर लहान असतानाच गेली, बाप आखातात गेला आणि तिकडेच रमला. मावशीने वाढवली. पोर चार जणींसारखी नव्हती, हे मावशीच्या लवकरच लक्षात आलं. मिक्सर लावला की पोर माळ्यावर. कोणी एकदम जवळ घेतलं की अंग लाकडासारखं ताठ. वाडीत मात्र तासन्‌तास खूश. केळीच्या पानाची कड बोटांत धरून हळूहळू फिरवत बसायची. शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून मावशी तिला मुंबईच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा ऑटिझम आहे. औषध काय, असं मावशीने विचारलं. त्या म्हणाल्या, औषध नाही, हा ताप-खोकल्यासारखा आजारच नाही, ती आहेच अशी, तिला समजून घ्या. "मग एवढ्या लांब बोलावलंत कशाला? ती हाय अशी हे मला सांडोरात पन दिसत होतं," असं म्हणून रोझलीनबाय पोरीला घेऊन परत आली.

समजून घ्यायचं म्हणजे काय करायचं, हे काही तिला समजलं नाही. तिने आपल्या पद्धतीने सुरुवात केली. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ. हसून बोल. हात गप्प ठेव. लग्नात बँड वाजायला लागला की डायना रडायची आणि मावशी तिला चिमटा काढायची, आणि बायकांना सांगायची, "जरा हट्टी हाय, बाकी काय नाय." यात तिची माया कमी होती असं कोणी म्हणू नये. डायनाला शाळेत 'येडी' म्हणणाऱ्या एका पोराच्या घरी जाऊन तिने त्याच्या बापाचीच शाळा घेतली होती. पण चिमटा तो चिमटाच.

डायना मोठी झाली आणि दातांच्या एका दवाखान्यात लागली. अवजारं धुऊन, उकळून, जागच्या जागी लावून ठेवायची. शांत काम, रोज तेच, तिला फार आवडलं. ती पुस्तकातलं मराठी बोलायची, कारण गावातल्या गप्पांपेक्षा पुस्तकांशी तिचं जास्त जमलं होतं. आणि स्वतःबद्दल कोणी विचारलं तर "मी ऑटिस्टिक आहे," असं सांगायची, जसं कोणी 'मी सांडोरची' म्हणून सांगतं. मावशीला दर वेळी दरदरून घाम फुटायचा.

त्याच दवाखान्यात पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला आग्नेल दाढ धरून आला. आग्नेल होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. इंजिनाशेजारी वर्षं काढून त्याचा डावा कान जवळजवळ गेलेला. डायना त्याला म्हणाली, "तुमच्या दाढेची वाट तुम्ही स्वतः लावली आहे. तंबाखू सोडा." त्याला ऐकू गेलं नाही. तो म्हणाला, "काय?" तिने तेच वाक्य, त्याच आवाजात, उजव्या कानाच्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं. आग्नेल पुढे सगळ्यांना सांगायचा की त्याला 'काय?' म्हटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी न ओरडता उत्तर दिलं होतं. दाढ काढून झाली तरी तो दवाखान्यात येत राहिला. शेवटी डॉक्टरच म्हणाले की आता तुझे सगळे दात चांगले आहेत, तू सरळ तिच्याशीच बोल.

त्याने तिला पहिली भेट दिली ती कानावर लावायच्या मोठ्या डब्यांची. इंजिनाच्या आवाजात कामगार लावतात ते, पिवळे, डोक्यावरून पट्टा असलेले. स्वतः त्याने ते कधी लावले नव्हते, म्हणून तर कान गेला. डायनाने ते लावले, चर्चमध्ये जाऊन संबंध गायनमंडळ ऐकलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "गाणं चांगलं आहे. मला माहीतच नव्हतं." त्या दिवशी आग्नेलने लग्नाचं विचारलं.

आग्नेलची आई ज्युलिएट मासळी विकते. बाजारात तिचा आवाज निघाला की गिऱ्हाईक भाव करायचं विसरतं. ती सांडोरला पोर बघायला आली, तेव्हा रोझलीनबायने डायनाला आदल्या दिवसापासून पढवून ठेवलं होतं. हसून बोल. डोळ्यांत बघ. डायनाने एक क्षण डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या साडीला मासळीचा वास येतो."

रोझलीनबायने मनातल्या मनात लग्न मोडलेलं बघितलं.

ज्युलिएटने कमरेवर हात ठेवले. "कोनची मासली?"

"बोंबील."

"बरोब्बर!" ज्युलिएट जी हसली ती डायनाने कानांवर हात ठेवले तेव्हाच थांबली. "सगली लोकं नाक दाबून गोड बोलतान. ही पोर खरं बोलते. मना चालेल." आणि पुढचं तिने हळू आवाजात विचारलं, जे तिला आयुष्यात फारसं जमलं नव्हतं.

लग्न ठरलं. त्यानंतरच्या मंगळवारी रोझलीनबाय डायनाला वाडीत घेऊन गेली आणि केळीखाली उभं करून म्हणाली, "बाय, लग्न कर, सुखी राहा. पन पोरंबाळं नको. दोघंच बरी. तुझ्यासारखं झालं तर गो? मी आता किती दिवस पुरनार?" डायनाने ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आपण शहाणपणाचं बोललो असं वाटून मावशी घरात आली आणि अळूची देठं सोलत बसली.

आता कॅथलिक लग्नाची रीत अशी, की लग्नाआधी सलग तीन रविवारी मिस्साच्या प्रार्थनेच्या शेवटी फादर जोडप्यांची नावं वाचतात, आणि कोणाला या लग्नात अडथळा ठाऊक असेल तर त्याने येऊन कळवावं असं सांगतात. हे ऐकून आजवर कोणी काही कळवायला गेल्याचं सांडोरात कोणाला आठवत नव्हतं. नावं वाचली जातात तेव्हा लोक छत्र्या, चपला आणि पोरं गोळा करत असतात.

पहिल्या रविवारी फादर ऑस्करनी तीन जोडप्यांची नावं वाचली, शेवटचं डायना आणि आग्नेलचं. आणि प्लासिड उठला.

प्लासिड म्हणजे ज्युलिएटचा भाऊ, आग्नेलचा मामा. पाचूबंदरच्या त्या घरातला शिकलेला तो एकटा. नोकरी लागताच मासळीच्या वासातून सुटून सांडोरच्या बाजूला फ्लॅट घेतला, आता निवृत्त. निवृत्तीनंतर त्याने मोबाइलवर विज्ञान शिकायला घेतलं होतं. आग्नेलचा बाप लवकर गेल्यावर त्याने भाच्याच्या शिक्षणाला हात दिला होता हे खरं, आणि तेवढ्यावर त्या घरात त्याचा शब्द चालायचा हेही खरं. मामा लग्नाच्या मांडवात आला नसता, तर बंदरावर वर्षभर दुसरा विषय निघाला नसता. ज्युलिएट बाजारात कोणाला भीत नाही, पण या भावापुढे पदर सावरून बसते.

तो सरळ फादरांकडे गेला. आत काय बोलणं झालं ते फादरांनी कोणाला सांगितलं नाही, पण प्लासिडने बाहेर आवारात येऊन सगळ्यांना सांगितलं. "अडथळा असेल तर कळवा म्हणाले ना? मी कळवला. मुलगी ऑटिस्टिक आहे. देवळात कानाला डबे लावून बसते. हे जीन्समध्ये असतं, पुढच्या पिढीत उतरतं. परदेशात अशी मुलं होऊच नयेत म्हणून किती संशोधन चाललंय! आणि आपण इथे आपल्या हाताने घरात आणायची?"

कोणी मान हलवली, कोणी नाही. पण ती घरी पोचण्याआधीच ते रोझलीनबायपर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फादर ऑस्करांच्या दारात उभी. फादर नाश्ता करत होते, त्यांनी पाव खाली ठेवला.

"फादर, मला पन अडथळे कळवायचे हायेत."

"कोणाच्या लग्नात?"

"तिन्हींच्या. तुम्ही काल तीन नावं वाचलीत. पहिल्यातल्या नवरीचा आजोबा विहिरीवरून भावाशी मरेपर्यंत कोर्टात. त्यांच्यात भांडन रक्तात हाय, नवरी सुटेल काय? दुसऱ्यातला नवरा, त्याच्या घरातले सगळे पुरुष तुमच्या प्रवचनाला घोरतात, तुम्ही स्वतः ऐकलंय. पोरं घोरनारीच होनार. त्याची नवरी डुकराशी बोलनाऱ्या आत्याची भाची. आता घोरनारं आनि डुकराशी बोलनारं असं पोर झालं तर गावाने काय करायचं?"

"रोझलीनबाय..."

"थांबा, प्लासिडचं राहिलं. त्याचा बाप होडीत बसला की ओकायचा. कोळ्याच्या पोटी जन्मून! तरी चर्चने त्याचं लग्न लावलं. परिनाम काय जाला? प्लासिड."

फादर ऑस्करांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग ते म्हणाले, "रोझलीनबाय, चर्चच्या कायद्यात अडथळे ठरलेले असतात. आधीचं लग्न. जवळचं नातं. जबरदस्ती. कानावरचे डबे त्यात नाहीत, हे मी प्लासिडला सांगितलं. घोरणंही नाही. पुढच्या रविवारी नाव वाचणार आहे मी."

"मग तो अजून बोलतो कसा?"

"बोलायला कायदा आडवा येत नाही. तुम्हालाही येत नाही," फादर म्हणाले आणि पाव उचलला.

दुसऱ्या रविवारी नाव वाचलं गेलं. प्लासिड उठला नाही, पण दुपारी तो रोझलीनबायच्या घरी आला. बरोबर ज्युलिएट, चेहरा उतरलेला, आणि आग्नेल, ज्याने येताना मामाला उजव्या बाजूला बसू दिलं नव्हतं म्हणून वाटेतलं निम्मं बोलणं त्याला ऐकूच आलं नव्हतं. रोझलीनबायने सरबत दिलं. डायना भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. मावशीने सांगितलं होतं म्हणून दोन्ही हात मांडीवर एकावर एक दाबून धरलेले; नखं पांढरी पडली होती.

"मी लग्न मोडायला आलेलो नाही," प्लासिड म्हणाला. "मी एवढा जुन्या विचारांचा नाही. माणुसकी आहे मला. लग्न करा. मी मांडवात उभा राहीन. माझी एकच अट आहे. या दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही. आत्ता, सगळ्यांसमोर तसा शब्द द्यायचा. आपल्यावर पुढच्या पिढीची जबाबदारी असते. दोघंच राहा, सुखी राहा. तुझ्यासारखं झालं तर, डायना? आम्ही किती दिवस पुरणार?"

रोझलीनबाय उठली. तिने दम घेतला, आणि ज्यांनी तिला ओळखलं होतं त्या दोघींनी, म्हणजे डायनाने आणि ज्युलिएटने, एकदमच खुर्चीची कड धरली.

"प्लासिड! माझ्या घरात बसून माझ्या पोरीची पोरं मोजतोस? तू कोन? तुझं रक्त तपासलं काय कोनी? तुझा बाप होडीत ओकायचा! तुझा चुलता दारू पिऊन माझ्या केळीला मिठी मारून रात्रभर रडला, कारन ती त्याला बायको वाटली! तुझ्या घरात एक मानूस असा नाय ज्याने स्वतःची चूक कबूल केली! हे जीन्स तुला चालतात? ही पोर कधी खोटं बोलली नाय, कोनाची वस्तू हलवली नाय, कोनाला दुखावलं नाय, आनि हिने पोर जन्माला घालायचं नाय? असा विचार येतो तरी कसा तुझ्या डोक्यात? कुठल्या मानसाच्या डोक्यात येईल असा विचार?"

"मावशीच्या," डायना म्हणाली.

ज्युलिएटने धरलेली खुर्चीची कड सोडली.

"मावशीच्या डोक्यातही आला होता," डायनाने स्पष्ट केलं, कारण तिला वाटलं की प्रश्न विचारला आहे तर उत्तर द्यावं. "मंगळवारी. वाडीत. हेच शब्द होते. 'तुझ्यासारखं झालं तर.' आणि 'किती दिवस पुरणार' हेसुद्धा. काका, तुमचं आणि मावशीचं मत एकच आहे. तुम्ही का भांडताय ते मला कळलं नाही."

रोझलीनबायचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. असं सांडोरात पूर्वी झालेलं नाही. तिला आठवलं, केळीखाली ती हेच बोलली होती, आणि तेव्हा ते किती मायेचं वाटलं होतं. आता तेच प्लासिडच्या तोंडून ऐकलं होतं. शब्दही तेच होते. त्यात माया कुठे होती ते तिला शोधूनही सापडेना. पोरीला तोंडावर सांगितलं होतं तिने, की तुझ्यासारखं कोणी पुन्हा होऊ नये. अळूची देठं सोलत बसली होती त्यानंतर! तिला स्वतःची शिसारी आली.

प्लासिडला मात्र जोर आला. "बघा! तुम्हालाही पटतंय. मग मुलीनेच सांगावं. झालं तुझ्यासारखं, तर काय करशील?"

डायनाने विचार केला. तिचे हात मांडीवरून सुटले आणि बोटं हवेत पानाची कड शोधायला लागली.

"मी लहान असताना बँड वाजला की रडायचे," ती म्हणाली. "ढोल पोटात वाजतो. खूप दुखतं. मला सांगता यायचं नाही. मावशी चांगली आहे, पण तिला कळायचं नाही, ती चिमटा काढायची. सगळ्यांना वाटायचं मी हट्टी आहे. माझं मूल माझ्यासारखं झालं, तर ते रडेल तेव्हा मला लगेच कळेल की बँड वाजतोय म्हणून रडतंय. मग मी त्याला घेऊन बाहेर जाईन." तिने थोडं थांबून पुन्हा विचार केला. "एवढंच. मला बाहेर घेऊन जाणारं कोणी असतं, तर मला काहीच झालं नसतं. तसं होणं वाईट नाही. तसं असून एकटं असणं वाईट आहे."

आग्नेल डायनाकडे बघत होता. हे सगळं त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला झालं होतं.

"आणि मूल तुमच्यासारखं झालं," डायना प्लासिडला म्हणाली, अगदी गंभीरपणे, कारण ही शक्यताही तिला सोडून द्यायची नव्हती, "म्हणजे आग्नेलच्या बाजूने, तर तेही आम्ही सांभाळू."

ज्युलिएटचं हसू असं फुटलं की सरबत नाकात गेलं. खोकून खोकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलंच म्हणून तिने थोडं रडूनही घेतलं. मग पदर खोचून ती भावासमोर उभी राहिली. "प्लासिड, तू मोठा, तू शिकलेला, आग्नेलला तू हात दिला, मी जल्मभर इसरनार नाय. पन माज्या नातवंडांवर तुजी सही लागनार नाय. मांडवात यायचं तर ये. मामाची खुर्ची ठेवीन. नाय आला तर तिच्यावर मासलीचं टोपलं ठेवीन."

"काय म्हणाली?" आग्नेलने विचारलं, कारण ती डाव्या बाजूला होती. डायनाने उठून उजवीकडे जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर म्हणाली. मामा, आमचं आम्ही बघू." आणि त्याने आपला ग्लास उचलून सरबत संपवलं.

प्लासिड गेला. जाताना 'विज्ञान' हा शब्द दोनदा म्हणाला.

सगळे गेल्यावर रोझलीनबाय मागच्या दाराने वाडीत गेली. तिथे ती खूप रडली. केळी सोडल्या तर कोणी बघितलं नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात केळीच्या कोवळ्या पानाचा एक तुकडा होता. तो तिने डायनाच्या हातात ठेवला. आयुष्यभर 'हात गप्प ठेव' म्हणत आलेल्या बाईला दुसरं वाक्य कुठून सुचणार? डायनाने पानाची कड बोटांत धरली आणि फिरवत बसली.

दुसऱ्याच दिवशी रोझलीनबाय बँडवाल्याकडे गेली.

"नवरीच्या दारात वाजवायचं नाय," ती म्हणाली. "पाचूबंदरला नवऱ्याच्या दारात वाजवा, पोटभर वाजवा. नवऱ्याच्या डाव्या कानाशी ट्रम्पेट लावलात तरी चालेल. पन सांडोरच्या वळनावर आलात की बंद. पुढे नुसतं चालत यायचं."

"कोट घालून? न वाजवता?" बँडवाला म्हणाला. "मावशी, लोकं हसतील ना. लोकांना वाटंल आम्हाला वाजवताच येत नाय."

"कोनी हसलं तर मला नाव सांग."

बँडवाला तयार झाला. रोझलीनबाय वळणापर्यंत चालत आली आणि तिथे जरा थांबली. दारात ट्रम्पेट वाजणार नव्हता तो नव्हताच. तिने नाक पुसलं आणि घरी गेली.

आणि मग तिसरा रविवार आला. चर्च भरलेलं, नेहमीपेक्षा जास्तच, कारण तिसऱ्या रविवारी प्लासिड काहीतरी करणार अशी गावाला आशा होती. कोणी चपला गोळा करत नव्हतं. फादर ऑस्करनी नावं वाचली. डायना आणि आग्नेलचं नाव आलं. "या विवाहांत कोणाला अडथळा ठाऊक असल्यास..." फादर म्हणाले आणि त्यांनी नको तेवढा वेळ थांबून घेतलं. सगळ्या माना प्लासिडकडे वळल्या. प्लासिड अंग आवळून बसला होता.

उठली ती रोझलीनबाय.

फादरांनी डोळे मिटले. "रोझलीनबाय, घोरण्याचं असेल तर आपण नंतर..."

"घोरन्याचं नाय, फादर. माझी हरकत होती."

"कोणाच्या लग्नाला?"

"डायनाच्या."

चर्चमध्ये अशी कुजबुज उठली की मागच्या बाकावरचं एक तान्हं जागं झालं. रोझलीनबायने वळून बघितलं आणि कुजबुज बसली.

"लग्नाला म्हनजे, तिच्या पोरांना. प्लासिडने आवारात येऊन सांगितलं, म्हनून तुम्ही सगळ्यांनी त्याला नावं ठेवलीत. मी पन ठेवली. पन त्याच्या आधी मीच पोरीला सांगितलं होतं. आमच्या वाडीत. पोरं नको म्हनून. तुझ्यासारखं पुन्हा नको म्हनून." तिने पुढच्या बाकाची कड धरली. "मी वाढवली हिला. हिच्यासारखी पोर मला मिळाली, मला नाय कळलं काय मिळालं ते. ती हरकत मी मागे घेते, फादर. होतील तशी होऊ देत. हिच्यासारखी जाली तर मला हवीत. मी चिमटा काढनार नाय."

फादर ऑस्करनी नावांचा कागद उलटून बघितला. नावं वाचताना हरकत मागे घेण्याची रीत कुठल्याच पुस्तकात नव्हती. "हरकत मागे घेतली गेली आहे," शेवटी ते म्हणाले, जणू दर रविवारी कोणीतरी घेतंच.

प्लासिडला वरचा पंखा एकदम फार बघण्यासारखा वाटू लागला होता. रोझलीनबाय बसता बसता त्याच्याकडे वळली. "काय प्लासिड, पंखा कधी बघितला नाय का?" तिने विचारलं, आणि पुन्हा ताठ उभी राहिली, कारण आता तिला आणखी बरंच काही बोलायचं होतं.

शेजारी डायनाने एका कानावरचा पिवळा डबा उचलला. लोक वळून वळून बघत होते, मावशीचे गाल ओले होते, आणि सगळं काही तिला ऐकू आलं नव्हतं.

"मावशी, मंगळवारचं सांगितलंस का त्यांना?"

"हो गो."

"परत घेतलंस?"

"घेतलं."

डायनाने मावशीचं मनगट धरलं. स्वतःहून ती कोणाला कधी हात लावायची नाही. धरून हळूच खाली ओढलं.

"मग आता बस," ती म्हणाली. "अजून आशीर्वाद व्हायचा आहे."